मोठ्या दुकानात महिन्याचा किराणा भरायला दोन तास जातात. यादी कशी करावी म्हणजे वेळ वाचेल?

यादी आठवेल तशी लिहू नका, दुकानात चालता त्या क्रमाने लिहा. आमची आई कागदाच्या माथ्यावर 'श्री' काढून सुचेल ते लिहायची आणि ते चालायचं, कारण सामान काढून देणारा वाणी होता. इथे पायपीट आपली. जिरं पहिल्या ओळीत आणि मोहरी सतराव्या ओळीत असेल, तर मसाल्यांच्या रांगेत दोनदा जाणं आलंच.

पुढच्या फेरीत कुठल्या रांगेत काय आहे ते एकदा फोनमध्ये टिपून घ्या. मग कायमची यादी त्याच क्रमाने करा आणि दर महिन्याला घरात आहे ते फक्त खोडा. हे खोडायचं काम मात्र डबे उघडून करायचं. मी अंदाजाने आणलेली साबुदाण्याची तिसरी पिशवी अजून फडताळात आहे.

प्रत्येक जिन्नसापुढे वजन लिहा: तूरडाळ २ किलो, पोहे १ किलो. नाहीतर निम्मा वेळ रांगेत उभं राहून घरी फोन करण्यात जातो.

कणीक, तांदूळ, तेलाचा ५ लिटरचा डबा आधी, ट्रॉलीच्या तळाशी. अंडी, ब्रेड सगळ्यात शेवटी. फ्रोझन मटारही बिलाच्या तोंडावरच घ्या.

आणि पगार झाल्यावरचा पहिला रविवार टाळा. त्या गर्दीपुढे कुठलीच यादी चालत नाही.