मे महिन्यात तासगावला बहिणीचं लग्न आहे. हार-तोरणांची फुलं घरच्या दोन गुंठ्यांत पिकवता येतील का?

नक्की येतील. मात्र मुहूर्तापासून उलटं मोजा आणि मेमध्ये फुलतं तेच लावा. शेवंतीच्या नादाला लागू नका. तिला कळी धरायला दिवस लहान लागतो, उन्हाळ्यात ती नुसती पाल्यावर जाते.

तुमची मदार झेंडूवर. लग्न 5 मेच्या आसपास धरलं तर 20-25 जानेवारीला गादीवाफ्यावर बी टाका. साधारण 25 दिवसांनी रोपं सरीवर लावायची. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडा. त्यानं फूल आठ-दहा दिवस लांबतं, पण फांद्या फुटून फुलं कितीतरी जास्त मिळतात. मग एप्रिलच्या मध्यावर फूल सुरू होतं आणि लग्नाला ऐन बहर सापडतो. तरी सगळं एकदम लावू नका, निम्मं बी पंधरा दिवसांनी टाका. तारीख पुढं-मागं झाली तरी निभावतं. आणि बी विकतचंच घ्या. दसऱ्याच्या तोरणातली फुलं चुरून टाकली तर रोपं येतात, पण बहुतेक झेंडू संकरित असल्यामुळे फूल एकसारखं येत नाही, हार ओबडधोबड दिसतो.

एप्रिलमध्ये दोन गोष्टींची धास्ती. एक लाल कोळी ही बारीक कीड: पानामागं बारीक जाळी दिसली की पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरात फवारा मारा. दुसरा वळीव. आपल्याकडं तो वाऱ्यासकट येतो, म्हणून झाडांना मातीची भर लावून ठेवा आणि कडेच्या ओळींना काठीचा आधार द्या.

मोगरा दारात जुना असेल तर सोनंच. डिसेंबरात पाणी तोडायचं, महिनाअखेर छाटणी करायची, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मार्चपासून कळ्या लागतात. नवीन रोपाकडून पहिल्याच उन्हाळ्यात गजऱ्यांची अपेक्षा धरू नका. गुलाब हवा असेल तर मार्चच्या विसाव्या तारखेच्या सुमारास हलकी छाटणी करा, सुमारे 45 दिवसांनी फूल येतं.

झेंडू आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर तोडा. ढीग घालू नका, आतून तापून काळा पडतो. ओल्या गोणपाटावर सावलीत पसरा. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या मात्र लग्नादिवशीच, उमलण्याआधी काढायच्या. मोत्यांच्या तयार मुंडावळ्या कितीही मिळोत, बहिणीच्या कपाळावर घरच्या कळ्यांच्याच बांधा.