कुत्रा आणण्याआधी कुंपण बघ

इंदूरजवळच्या सिमरोलच्या शेतावर राखणीला कारवान जातीचा शिकारी कुत्रा आणतोयस, छान. पण त्याआधी काटेरी तारेच्या कडेने एकदा पायी फिरून ये. ताणलेली तार कुत्र्याला कळते, तो वाकून निघतो. घात करते ती ढिली पडलेली खालची तार आणि बांधावर गवतात टाकून दिलेलं जुनं भेंडोळं. सोयाबीन गुडघ्याएवढं झालं की दोन्ही दिसेनाशी होतात, आणि नीलगायीमागे सुटलेला कारवान काही खाली बघून पळत नाही. त्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. छाती नाहीतर मांडीची आतली बाजू फाटते.

अडकला तर ओढू नकोस, लांबून हाकाही मारू नकोस. झटके देईल तसा काटा आत जातो. गमछ्याने तोंड बांध (कितीही लाडका असो, दुखताना चावतो), अंग धरून ठेव आणि पकडीने तार काप. सुटला की तोंड लगेच मोकळं कर. मोटारीच्या पेटीत एक पकड कायम असू दे.

जखम वरून बोटभर दिसते, आत कातडी वीतभर सुटलेली असू शकते. म्हणून हळद भरून मोकळा होऊ नकोस. सलाईनने धू, स्वच्छ कापड दाबून बांध आणि त्याच दिवशी टाके घालून घे. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुला जवळ पडेल. पावसाळ्यात उशीर झाला तर किडे पडायला वेळ लागत नाही.

आणि शेजारी रात्री कुंपणात करंट सोडतो का, तेही विचारून घे.