ऑन कन्साइनमेंट म्हणजे काय, ते आधी समजून घे

भाऊ, इंग्रजी पत्रव्यवहार सुरू करतोयस तर आधी 'कन्साइनमेंट' नीट समजून घे. पाठवलेल्या मालाच्या खेपेला कन्साइनमेंट म्हणतात, हे खरं. पण कागदावर 'ऑन कन्साइनमेंट' आलं की अर्थ फिरतो. विकला जाईपर्यंत माल तुझाच, पैसे विक्रीनंतर. मी रावेरहून केळीची गाडी दिल्लीला अशीच पाठवली होती. वाटलं, गाडी भरली म्हणजे सौदा झाला. तिकडे अर्धी केळी काळी पडली आणि नुकसान माझ्याच वहीत लिहावं लागलं. तो शब्द मला अजून टोचतो.

मार्जिन आणि मार्कअप यांचीही गल्लत होते. ८० चा माल १०० ला विकला, नफा २०. खरेदीवर मोजला तर मार्कअप २५ टक्के, विक्रीवर मोजला तर मार्जिन २० टक्के. समोरचा नुसतं 'वीस टक्के' म्हणाला की कशावर, ते तिथल्या तिथे विचार.

कोटेशन म्हणजे कळवलेला दर, इन्व्हॉइस म्हणजे विकलेल्या मालाचं बिल, रिसीट म्हणजे पैसे मिळाल्याची पावती. टर्नओव्हर ही उलाढाल. तिला कमाई समजून उधारी वाढवू नकोस. कापसात उतरलास तर 'कँडी' म्हणजे आपली खंडी, ३५६ किलो. पण ती सरकी काढलेल्या रुईची; शेतकऱ्याचा कापूस क्विंटलवरच मोजतात.