कंपनीत आणि मुलांच्या शाळेत एईडी (बिघडलेला हृदयाचा ताल शॉक देऊन जागेवर आणणारं मशीन) ठेवावं का? चुकून धडधाकट माणसाला शॉक बसला तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: ठेवा. दुसऱ्या प्रश्नानं मात्र माझं डोकं फिरलं, कारण "धडधाकट माणसाला शॉक दिला" हे वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून प्रत्येक सणावाराला ऐकतो. तुमचं युनिट वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सव्वाशे माणसं, आणि तुम्ही मुलांच्या शाळेच्या पालक समितीवर, एवढं तुम्ही लिहिलंय. मी त्याच जीआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये उभी नोकरी काढली. म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी तांत्रिक बाजू मिटवू. एईडी धडधाकट माणसाला शॉक देत नाही. तुम्ही द्यायचा म्हणालात तरी देता येत नाही. छातीवर पॅड चिकटवले की मशीन आधी हृदयाचा ईसीजी वाचतं. हृदय पंप करायचं सोडून नुसतं थरथरत असेल, म्हणजे व्हीएफ असेल, किंवा नाडी लागत नाही इतक्या भलत्या वेगात धावत असेल, तरच ते चार्ज होतं आणि बटण लुकलुकायला लागतं. ठोके नीट असतील तर "शॉक देण्याची गरज नाही" असं सांगतं आणि बटण मेलेलंच राहतं. कुणाला नुसती चक्कर आली असेल तर बोटं दुखेपर्यंत दाबत बसा, काही होणार नाही. एक उलटी गोष्टही ध्यानात ठेवा. सिनेमात सरळ रेषा दिसली की डॉक्टर धाडकन शॉक देतात ना, ते खोटं. पूर्ण थांबलेल्या हृदयाला एईडी शॉक देतच नाही. तिथे छाती दाबणं आणि ॲम्ब्युलन्स, एवढंच.

आता साडू. आमच्या सौ.च्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमच्याच कंपनीत अकाउंट्सला. सकाळी पार्किंगमध्ये स्कूटर डबल स्टँडवर चढवता चढवता दोन मोटरसायकलींच्या मधे कोसळले. मी पॅनेल रूममधून आरडाओरडा ऐकून बाहेर आलो तर भोवती ही गर्दी. हातपाय किंचित झटकत होते, म्हणून एक जण ओरडतोय "खेंच आवी छे" (आकडी आलीय), दुसरा "डुंगळी लावो, डुंगळी!" (कांदा लावा). तिसऱ्यानं पायातली चप्पल काढून नाकाशी धरलेली. आणि सगळ्यांचं एकमत की श्वास चालू आहे, घाबरायचं कारण नाही. तो श्वास नव्हता. थोड्या थोड्या वेळानं घशातून घोरल्यासारखा एक आवाज निघायचा, जबडा वर यायचा, की पुन्हा शांत. हृदयाचं पंपिंग थांबल्यावर पहिली काही मिनिटं असं होतं. भारतात किती माणसं या घोरण्यापायी "अजून श्वास आहे" म्हणून नुसती बघत राहून गमावली असतील, देव जाणे. नियम सोपा आहे: हलवून, हाक मारून उठत नाही आणि श्वास सरळ चालत नाही, म्हणजे हृदयाचं पंपिंग थांबलंय असं धरून चालायचं.

मी छाती दाबायला बसलो आणि गेटकडे बघून ओरडलो. सिक्युरिटीचा मुलगा तोवर एईडीची पेटी घेऊन निम्म्यात पोचला होता. शर्ट पेटीतल्या कात्रीनं उभा कापला, घामानं निथळणारी छाती कॉटन वेस्टनं पुसली, रुद्राक्षाची माळ बाजूला सारली. एक पॅड गळ्याजवळच्या उजव्या आडव्या हाडाखाली, दुसरा डाव्या बगलेखाली. मशीन हिंदीत बोलायला लागलं. सगळे लांब झाले, शॉक गेला, लगेच पुन्हा दाबायला सुरुवात. दोन मिनिटांनी मशीननं परत तपासलं आणि या वेळी शॉक नाकारला, कारण ठोके परत आले होते. 108 आली तेव्हा साडू कण्हत होते. पुढे इस्पितळ, अँजिओग्राफी, स्टेंट. दिवाळीला ते आमच्याकडे फराळाला होते.

आणि त्या फराळाला, चकली मोडत, साडूंची आवृत्ती अशी: "मला साधी चक्कर आली. यांनी माझ्या दोन बरगड्या मोडल्या, नवा शर्ट कापला आणि करंट लावला. वाचवलं ते स्टेंटनं."

बरगड्या मोडल्या हे खरं आहे. प्रौढ माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर आत जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पन्नाशीच्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात, आणि त्या जुळतात. त्यांना त्या सकाळचं काही आठवत नाही हेही खरं, कारण मेंदूला रक्त न गेलेल्या मिनिटांची आठवण राहत नाही. पण चक्कर? साडूभाऊ, हे वाचत असाल तर ऐका. सप्लायरच्या माणसानं मशीनमधली नोंद लॅपटॉपवर काढली. त्यात आधी वेडीवाकडी थरथर, मग शॉकची खूण, मग हळूहळू ओळीत आलेले ठोके, सगळं वेळेसकट आहे. त्याची झेरॉक्स तुमच्या कार्डिऑलॉजिस्टनं मागून घेऊन तुमच्याच फाइलला लावली. घरी दाखवली तर म्हणे, "हा कागद कुणाचाही असू शकतो." यावर काय बोलायचं? स्टेंट घालायला माणूस इस्पितळापर्यंत जिवंत पोचावा लागतो, एवढं तरी हिशेबाच्या माणसाला कळावं.

मूळ दुखणं वेगळंच आहे. पॅड एकदाच वापरता येतात. त्या दिवशी वापरले गेल्यावर मी नव्या संचाचा इंडेंट टाकला. त्यावर अकाउंट्सची क्वेरी आली: "मागील पॅडची मुदत शिल्लक असताना नवीन खरेदीचे प्रयोजन काय?" सही साडूंची. ज्यांच्या छातीवरून ते पॅड सोलून काढले, त्यांची! मी खाली लिहिलं, "प्रयोजन क्वेरी काढणाऱ्यास विचारावे." मॅनेजर हसले आणि पास केलं, पण तेव्हापासून आमचं बोलणं फक्त बायकांमार्फत चालतं.

मी इतका का तापतो, तेही सांगतो. साडूंच्या खूप आधी, ऐन पावसाळ्यात, आमच्या शेडमध्ये कंत्राटदाराचा एक पोरगा अँगल ग्राइंडर चालवत होता. केबल सोललेली, खाली पाणी. साध्या 230 व्होल्टनं गेला. पॅनेल रूमच्या भिंतीवर शॉक ट्रीटमेंटचा, म्हणजे विजेचा धक्का बसलेल्याला काय करायचं त्याचा, तक्ता लटकत होता, 1956च्या वीज नियमांपासून तो लावावाच लागतो, आणि त्यात लिहिलेलं सगळं आम्ही केलं. विशीतलं निरोगी हृदय होतं, फक्त ताल बिघडलेला. विजेच्या धक्क्यानं बहुधा व्हीएफच होतं आणि शॉकनं सुटण्याची शक्यता जर कुणाची सगळ्यात जास्त असेल तर अशाच माणसाची. त्यानंतर सगळीकडे 30 मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारे स्विच, बसले. मशीन मात्र नाही. मी विषय काढला की ठरलेलं उत्तर: "कायद्यात आहे का?" कारखाना कायद्याच्या 45व्या कलमात दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी होती, बास. तो कायदा 1948चा, तेव्हा एईडी जन्माला यायचं होतं. रुग्णाजवळ नेता येईल असं डिफिब्रिलेटर 1965 साली बेलफास्टच्या पँट्रिज डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं, तेच मुळी 70 किलोचं होतं. 2023च्या नवरात्रात गरबा खेळताना तरुण पोरं कोसळल्याच्या बातम्या गुजरातभर आल्या, तेव्हा कुठे आमच्या साहेबांच्या घरून दबाव आला आणि मशीन आलं. साहेबांचा मुलगा रोज गरब्याला जायचा.

आलं, तर ठेवायचं कुठे? एक मत साहेबांच्या केबिनमध्ये, दुसरं फर्स्ट एड रूममध्ये कुलपात, "चोरीला गेलं तर?" म्हणून. मी भांडून गेटवर ठेवायला लावलं, कारण चोवीस तास जागं असणारं माणूस कंपनीत एकच, सिक्युरिटीवाला. आमच्या सेफ्टी कन्सल्टंटना हसू आलं होतं की वॉचमन काय हृदय सुरू करणार. त्यांच्यासाठी: अमेरिकेत लास व्हेगासच्या कॅसिनोंमध्ये हेच केलं, डॉक्टर नव्हे, सिक्युरिटी गार्ड शिकवले. 2000 साली त्याचा अभ्यास छापून आला. व्हीएफमध्ये कोसळलेल्या ज्या लोकांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांतले 74 टक्के जगून घरी गेले. तीन मिनिटांनंतर मिळाला, त्यांतले 49. काहीच न करता बसलात तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तेव्हा तुमच्या युनिटमध्ये जागा कागदावर ठरवू नका. कारखान्यातल्या सगळ्यात लांबच्या यंत्रापासून एईडीच्या पेटीपर्यंत एकाला पळत जाऊन परत यायला लावा. तीन मिनिटांत जमलं नाही तर जागा चुकली. आणि पत्र्याच्या केबिनमध्ये उन्हाच्या भिंतीला लावू नका. बहुतेक मॉडेलं 50 अंशांपर्यंतच सोसतात, आणि वडोदऱ्याचा मे तुम्हाला माहीत आहे.

शाळेचं राहिलंच. मुलांमध्ये हे क्वचित घडतं, पण घडतं. सीझनचा बॉल नेमक्या क्षणी छातीवर बसला तर निरोगी मुलाचं हृदयही व्हीएफमध्ये जातं. शिवाय शाळेत मुलंच असतात असं नाही. पन्नाशीचे शिक्षक, बसचे ड्रायव्हर, गॅदरिंगला आलेले आजोबा, तेही असतातच. आठ वर्षांखालच्या किंवा 25 किलोंच्या आतल्या मुलांसाठी वेगळे पॅड किंवा मशीनवर लहान मुलाचं सेटिंग असतं. नसेल तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर लावायचे, पण लावायचे. डिसेंबर 2023 मध्ये सरकारनं शिक्षकांना मेडिकल कॉलेजांत नेऊन सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, शिकवला होता. तुमच्या शाळेतले कोण गेले होते, त्यांना आज पाच सेंटिमीटर म्हणजे किती ते विचारून बघा. मला विचाराल तर आठवी-नववीच्या पोरांनाच शिकवा. डेन्मार्कनं 2005 पासून शाळेत हे सक्तीचं केलं. तिथे 2001 मध्ये कोसळलेल्या माणसांपैकी 21 टक्क्यांनाच जवळच्या कुणी छाती दाबून मदत केली होती, 2010 मध्ये 45 टक्क्यांना. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि आपली पालक समिती सर्क्युलरची वाट बघते!

"पोलीस केस झाली तर?" हे समितीत नक्की निघेल. मोटार वाहन कायद्याचं 134अ कलम मदत करणाऱ्याला वाचवतं, पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. शाळेत किंवा शेडमध्ये कोसळलेल्यासाठी भारतीय न्याय संहितेचं 30वं कलम आहे, सद्भावनेनं दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कृतीबद्दल. वकिलाला दाखवा. पण बेशुद्ध, श्वास नसलेल्या माणसाचं तुम्ही आणखी काय वाईट करणार आहात, हेही त्या वकिलाला विचारा.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. मी डॉक्टर नाही. छातीत कळ येते, घाम फुटलाय, पण माणूस बोलतोय, तर त्याला एईडी नको, 108 आणि इस्पितळ हवं. मशीन असूनही बरेच जण वाचत नाहीत. शॉक देताना कुणी रुग्णाला हात लावलेला नको आणि तो पाण्यात पडलेला नको. बाईमाणूस असेल तरी पॅड उघड्या कातडीवरच लागतात. तिथे लाजून कपड्यांवरून लावू नका, भोवती साड्यांचा-ओढण्यांचा आडोसा धरायला सांगा. आणि मशीन विकत घेऊन माणसं न शिकवणं म्हणजे लाखाच्या आगेमागे पैसे भिंतीला टांगणं. हे वाक्य साडूंचं आहे, आणि तेवढंच एक बरोबर आहे.

खरेदी करताना पॅडचा जादा संच पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या. पॅडची मुदत साधारण दोन वर्षं, बॅटरीची चार-पाच. दोन्ही तारखा गेटच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा आणि हिरवा दिवा बघून रोज सकाळी सही करायचं काम सिक्युरिटीला द्या, अकाउंट्सला नको.