म्हापशात घरी येऊन रक्त नेणारी कंपनी माझा रिपोर्ट विमावाल्यांना देऊ शकते का?
तुमच्या संमतीशिवाय नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' धरल्या आहेत. त्या तिसऱ्याला द्यायला आधी परवानगी लागते. अपवाद कायद्याच्या सक्तीचा: क्षयरोग निघाला तर 2012 पासून सरकारला कळवावंच लागतं. मी पणजीत लॅबच्या काउंटरवर बसतो, म्हणून सांगतो, घोळ होतो तो ॲपवर बुकिंग करताना. 'भागीदारांना माहिती देण्यास हरकत नाही' या चौकटीत कधी कधी टिक आधीच असते, ती काढा. दिलेली संमती लेखी मागे घेता येते. कंपनीला आपल्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. त्याला ईमेल टाका, महिन्याभरात निपटारा करायला तो बांधील आहे. आणि हो, रक्त न्यायला आलेला पोरगा स्वतःच्या मोबाइलवर फॉर्मचा फोटो काढू लागला तर तिथेच अडवा.