स्किल्स लॅबमध्ये नव्याने शिकवणाऱ्या डॉक्टरांसाठी
स्किल्स लॅबची जबाबदारी मिळाली की लक्ष आधी महागड्या मॅनिकिनकडे (सरावाच्या मानवी पुतळ्याकडे) जातं. तुम्ही मात्र डीब्रीफिंगची, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेची, तयारी आधी करा. सरावाचा प्रसंग १० मिनिटांचा असेल, तर नंतरच्या चर्चेला २० मिनिटं ठेवा. खरं शिकणं तिथेच होतं. इंटर्नने ॲड्रेनलिन उशिरा दिलं, तर लगेच ‘चुकलं’ म्हणू नका. ‘मॉनिटरवर ॲसिस्टोल (हृदय थांबल्याची सरळ रेषा) होतं, औषधाला वेळ लागला. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आम्हा सीनियर मंडळींना हे थांबणंच सर्वांत जड जातं. सीपीआरचे (हृदय थांबल्यावर छाती दाबून करायच्या उपचाराचे) आकडे मात्र मोघम नकोत: प्रौढांसाठी मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. आणि इथली चूक वॉर्डात चघळली जाणार नाही, असा शब्द सुरुवातीलाच सगळ्यांसमोर द्या.