एकाच पोर्टवर चार क्लायंट कसे जोडले जातात?

तुमचा प्रश्न असा: रावेरच्या केळीच्या वखारीत वजनाचा सर्व्हर ९००० पोर्टवर चालतो. चार संगणक (क्लायंट) जोडायचे तर ९००१, ९००२ असे वेगळे पोर्ट उघडायचे का? आणि दुसऱ्या संगणकावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' का येतं?

वेगळे पोर्ट नकोत, ९००० एकटा पुरे. पोर्ट म्हणजे नुसता आकडा, ० ते ६५५३५. टीसीपी (दोन संगणकांत खात्रीने माहिती नेणारी पद्धत) जोडणी ओळखली जाते चार गोष्टींवरून: दोन्हीकडचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) आणि दोन्हीकडचे पोर्ट. हंगामात भुईकाटा एकच असतो, पण गाडी नंबर वेगळे, म्हणून पावत्यांची गल्लत होत नाही, तसंच हे. क्लायंटचा पोर्ट ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः देते (लिनक्सवर एरवी ३२७६८ ते ६०९९९ मधला), तिथे बाइंड (पत्ता आणि पोर्ट स्वतः ठरवून घेणं) करू नका.

खरी गोची सर्व्हरच्या सॉकेटमध्ये (प्रोग्राममधलं जोडणीचं टोक) होते. लिसन करणारा (जोडणीची वाट बघणारा) सॉकेट फक्त दारात उभा असतो. ॲक्सेप्ट (आलेली जोडणी स्वीकारणारा कॉल) दर वेळी नवा सॉकेट देतो, वाचणं-लिहिणं त्याच्यावरच करायचं. बरेच जण एकदा ॲक्सेप्ट करून वाचण्याच्या लूपमध्ये अडकतात. मग दुसरा क्लायंट जोडला गेलेला दिसतो, पण उत्तर येत नाही, कारण कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) त्याला रांगेत घेतलेलं असतं आणि प्रोग्रामला पत्ताच नसतो. चार क्लायंटना प्रत्येकी एक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) द्या, काम भागतं.

'रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा निरोप मशीनपर्यंत पोचला, पण त्या पत्त्यावर ऐकणारं कोणी नाही. तुम्ही १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनपुरता पत्ता) बाइंड केलं असणार, ०.०.०.० (मशीनचे सगळे पत्ते) करा आणि नेटस्टॅटने (कोणता पोर्ट ऐकतोय ते दाखवणारी कमांड) तपासा. बराच वेळ थांबून 'टाइमआउट' आलं तर फायरवॉल किंवा चुकीचा आयपी बघा. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की सर्व्हरचा आयपी बदलू शकतो, तो राउटरमध्ये पक्का करून ठेवा.

सर्व्हर बंद करून लगेच चालू करताना 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं तर जुनी जोडणी टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावर थोडं थांबण्याची अवस्था) असते, लिनक्सवर ६० सेकंद. बाइंडच्या आधी सॉकेटला रीयूज-ॲड्रेस हा पर्याय लावा. विंडोजवर मात्र लावू नका. तिथे त्यामुळे दुसरा प्रोग्रामही तोच पोर्ट बळकावू शकतो.

आणि हे विसरू नका: टीसीपीत एक सेंड म्हणजे एक रिसीव्ह नव्हे. १२४० किलो पाठवलं तर आधी १२ आणि मग ४० असं तुटून येऊ शकतं, आणि शेतकऱ्याच्या नावावर १२ किलोच चढतील. प्रत्येक नोंदीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) पाठवा आणि ती मिळेपर्यंत आलेले बाइट बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवत राहा. रिसीव्हने शून्य बाइट दिले तर समोरच्याने जोडणी बंद केली. अर्धवट नोंद टाकून द्या आणि सॉकेट बंद करा.